ऊन आणि पाणी

"वाळवंटात जाऊन पाहायचे तरी काय हो?" हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम मुंबईच्या विमानतळावर विचारला आणि पुढे लॉस एंजेलिसला चिरंजिवांच्या घरी दिवसाआड विचारला. डिसेंबरात आम्हांला पाम स्प्रिंग्जला न्यायचे, हा बेत त्याने परस्पर ठरवून टाकला होता. शेवटी तो म्हणाला, "आई, तिथे गरम पाण्याचा झरा आहे. तुझ्या गुडघ्यांना बरे वाटेल." झाले! वाळवंट तत्काळ मंजूर. गेली दहा वर्षे आमच्या घरातले सारे निर्णय त्या दोन गुडघ्यांच्या सल्ल्यानेच होतात.

लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे मोटारीने दोन-अडीच तासांचा रस्ता. वाटेत एक खिंड लागते. तिथे वारा असा काही घोंगावतो की त्याला कामाला लावण्यासाठी शेकडो पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत. खिंड ओलांडली की एका अंगाला सॅन हसिंटोचा पर्वत उभाच्या उभा, १०,८३४ फूट, माथ्यावर बर्फ. आणि त्याच्या पायाशी ताडांच्या रांगा, बसकी पांढरी घरे आणि घरोघर पोहण्याचे निळे हौद. या वाळवंटाचे कारण तो पर्वतच. सह्याद्रीने ढग अडवले की माण-खटाव कोरडे राहतात, तशातलाच प्रकार. पण तोच पर्वत आपले बर्फ वितळवून झऱ्यांवाटे आणि जमिनीखालून गावाला पाणीही देतो. आपण हिरावून घेतलेले आपणच हळूहळू परत करणारा हा सावकार विरळाच!

गावात शिरताच चिरंजीव नटनट्यांच्या बंगल्यांची नावे सांगू लागला. फ्रँक सिनात्राचे १९४७ सालचे घर, हॉलिवुडच्या दोन नटांनी १९३४ साली काढलेला रॅकेट क्लब वगैरे. माझे लक्ष मात्र गावाच्या मधोमध असलेल्या एका मातीच्या घराकडे गेले. जाड कच्च्या विटांच्या भिंती, बुटके छप्पर. आमच्या खेड्यातल्या घरासारखे.

हे घर जॉन मॅकॅलम नावाच्या एका वकिलाचे. सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे चांगले बस्तान बसले होते. पण मुलाला क्षय झाला. त्या काळी औषध म्हणजे कोरडी हवा. बाप १८८४ साली घरदार उचलून या उजाड जागी आला. इथे कायमचा राहायला आलेला हा पहिला गोरा कुटुंबवत्सल माणूस. त्याने जमीन घेतली, फळबागा लावल्या, व्हाइटवॉटर नदीचे पाणी आणायला १९ मैलांचा पाट खणला. पाणी आले, झाडे लागली. मुलगा मात्र १८९१ साली गेला. पुढे महापुराने पाट फोडला आणि १८९४ पासून अकरा वर्षे पाऊस रुसला. बागा वाळल्या, आणि १८९७ मध्ये बापही गेला.

मी त्या मातीच्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. चिरंजिवाला वाटले, बाबांना चक्कर आली. त्याला काय सांगू? माझे थोरले बंधू, अण्णा, एकोणिसाव्या वर्षी याच दुखण्याने पडले. साल १९५३, मी तेव्हा पाच वर्षांचा. घाटावरची कोरडी हवा मानवेल म्हणून वडिलांनी त्यांना एका सॅनेटोरियमात ठेवले. औषधे निघाली होती, पण ती आमच्यापर्यंत पोचली उशिरा आणि महाग. कोकणातली आंब्याची कलमे त्यासाठी विकली. मला फार थोडे आठवते : व्हरांड्यातली लोखंडी खाट, अण्णांची वेगळी ठेवलेली पेलाभांडी, आणि आमच्या सोवळ्या आईने पदराआड धरून नेलेली अंड्यांची पुडी. चौदा महिन्यांनी वडील एकटेच परत आले. कलमांचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही.

असो. मॅकॅलमच्या मुलीने पुढे बापाच्या स्मरणार्थ इथेच 'ओअ‍ॅसिस' नावाचे हॉटेल उभारले. त्याआधी १९०९ साली नेली कॉफमन या बाईंनी 'डेझर्ट इन' काढले होते. सुरुवात आरोग्यधामाची; पण पाहता पाहता खोकणारे पाहुणे मागे पडले आणि टेनिस खेळणारे पुढे आले. आजाऱ्यांचे गाव असे श्रीमंतांचे झाले.

पण गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासून हा झरा कावीया नावाच्या आदिवासींचा. त्यांच्या भाषेत त्याचे नाव उकळते पाणी अशाच अर्थाचे. स्पॅनिश लोकांनी त्याचे भाषांतर केले 'आग्वा कालिएन्ते', आणि आज या जमातीचेही तेच नाव आहे. सरकारने रेल्वे कंपनीला रुळाच्या दोन्ही अंगांचे एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे दिले आणि १८७६ पासून उरलेल्यांपैकी काही या लोकांसाठी राखले. म्हणजे बुद्धिबळाचा पट! एक घर रेल्वेचे, एक घर आदिवासींचे. त्यांतला १४ क्रमांकाचा चौकोन नेमका गावाच्या मध्यावर, आणि झरा त्यातच.

ही जमीन दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याची कायद्याने सोय नव्हती, म्हणून तिथे स्वस्त खोपटी उठली. हॉटेलांतल्या मोलकरणी, माळी, सुतार, गवंडी तिथे राहत. बहुतेक काळे आणि मेक्सिकन. १९५९ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यांना परवानगी मिळाली आणि त्या जमिनीचे सोने झाले. त्या दशकात आणि पुढच्या दशकात ती घरे पाडली गेली, जाळली गेली. ज्यांनी गाव बांधले, त्यांनाच गावात जागा उरली नाही. नगरपालिकेने २०२१ मध्ये माफी मागितली आणि २०२४ मध्ये सुमारे ५९ लाख डॉलर भरपाई कबूल केली. हे मला जाहिरातीच्या पत्रकात सापडले नाही, चिरंजिवाने सांगितले. अमेरिकेत राहून त्याला निदान इतके कळते, हे पाहून मला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी पाळण्याची सफर. १९३५ साली क्रॉकर नावाचा एक इंजिनिअर उन्हात घामाघूम होऊन समोरचे बर्फ पाहत बसला असता त्याला ही कल्पना सुचली म्हणे. लोकांनी खुळ्यात काढले. पाळणा सुरू व्हायला १९६३ उजाडले. मनोऱ्यांचे बहुतेक सामान हेलिकॉप्टरने चढवावे लागले. २,६४३ फुटांवरून ८,५१६ फुटांवर दहा मिनिटांत! वर जाताना पाळण्याची जमीन हळूहळू गोल फिरते. सौभाग्यवतींनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली ती वर बर्फात पाय पडल्यावरच थांबली. खाली सदऱ्यावर भागत होते, वर मी तिची शाल मागून घेतली.

मला विचाराल तर पाळण्याहून पाम कॅन्यन सरस. आदिवासींच्या मालकीची ही दरी. तळाशी ओढा आणि दोन्ही काठांना त्याच मातीतले मूळचे ताड. वाळलेल्या झावळ्या गळून न पडता बुंध्याभोवती पायापर्यंत लोंबतात. "नऊवारी नेसल्यासारखे दिसतात नाही?" ही म्हणाली. वाळवंटाबद्दलचे हिचे हे पहिले कौतुक.

झऱ्यावर आम्ही शेवटच्या दिवशी गेलो. २०२३ साली जमातीने त्या जागी नवे स्नानगृह आणि शेजारी आपले संग्रहालय उभारले आहे. दर ऐकून हिने "वज्रेश्वरीला याहून स्वस्तात काम होते" असे मला मराठीत ऐकवले आणि आत गेली. मी संग्रहालय पाहून बाहेर बाकावर बसलो.

तासाभराने ही आली. चेहरा लाल, केस ओले, चाल खरोखरच हलकी. माझ्याजवळ बसली आणि एकदम म्हणाली, "अहो, अण्णांना अशा कुठेतरी आणता आले असते तर?" तिने अण्णांना पाहिलेही नव्हते. भिंतीवरचा हार घातलेला फोटो तेवढा तिच्या ओळखीचा.

"त्या वकिलाने आणले होते की मुलाला. वाचला कुठे?"

"पण किती वर्षे काढली इथे त्याने?"

मी हिशेब केला. "सात."

"सात वर्षे काही थोडी नव्हेत," ती म्हणाली.

ओल्या केसांना वारा लागू नये म्हणून मी तिला शाल दिली. चिरंजीव गाडी घेऊन समोर उभा होता.