दोन तासांचा खेळ आणि एक उन्हाळा

१/९
'नीड फॉर स्पीड : द रन' हा मोटारशर्यतींचा खेळ नोव्हेंबर २०११ मध्ये बाजारात आला. नायक जॅक रूर्क गुंडांच्या कर्जात बुडालेला. सान फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंतची बेकायदा शर्यत जिंकली, तरच त्याची सुटका. सगळ्या शर्यती एकाच सलग कथेत ओवण्याचा हा प्रयत्न होता. समीक्षकांनी मात्र त्याचे थंडे स्वागत केले.

२/९
दृश्ये आणि बदलत जाणारा निसर्ग त्यांना आवडला. कथा मात्र तोकडी वाटली, मुख्य शर्यत जेमतेम दोन तासांची भरली. जॅक गाडीतून उतरला की पडद्यावर दिसेल ती कळ वेळेत दाबायची, एवढेच खेळाडूच्या हाती उरे, हाही आक्षेप होता. सरासरी गुण शंभरात सत्तरच्या आसपास राहिले.

३/९
तुलना होती ती २००५ च्या 'मोस्ट वाँटेड'शी. त्याच्या कथेतल्या नाटकी अभिनयाची थट्टा झाली. पण ती कथा नायकाची गाडी हिरावून घेई, सूडाचे कारण देई आणि बाजूला होई. पोलिसांच्या पाठलागाला मोकळे रान मिळे. 'द रन'मध्ये कथेनेच सुकाणू हाती घेतले.

४/९
आमच्या घरी हा खेळ २०१२ च्या उन्हाळी सुट्टीत आला. कोल्हापुरात, आतेभावाने अभियांत्रिकीसाठी घेतलेल्या संगणकावर. प्रत अधिकृत नव्हती, हेही नोंदवायला हवे. आम्ही चार भावंडे आणि एक कीबोर्ड. गाडी आदळली की पाळी पुढच्याची. वीज गेली की सर्वांचीच संपली.

५/९
त्या हिशेबाने दोन तासांचा खेळ आम्हांला जवळपास महिनाभर पुरला. साठ डॉलर मोजणाऱ्या एकट्या ग्राहकाला जी लांबी फसवणूक वाटली, ती आम्हांला जाणवलीच नाही. समीक्षक चुकले नव्हते. कळा दाबण्याचे प्रसंग आम्हांलाही कंटाळवाणेच वाटत. पण 'लहान' हा निवाडा खेळाइतकाच किमतीचा आणि मालकीचाही होता.

६/९
संवादांतले इंग्रजी आम्हांला फारसे कळत नव्हते. जॅक गुंडांचे देणे लागतो, एवढे समजले. आत्याने एकदा पडद्याकडे पाहून विचारले, "काय रे, ह्यो पळतोय कशाला?" भाऊ म्हणाला, "सावकार मागं लागलाय." त्या दिवसापासून घरात त्या खेळाचे नाव 'सावकार' असेच पडले. कुठल्याही परीक्षणात हे नाव सापडणार नाही.

७/९
मे २०२१ मध्ये प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 'द रन'सह या मालिकेतील पाच जुने खेळ डिजिटल दुकानांतून काढून घेतले. ऑगस्टअखेर त्यांचे सर्व्हरही बंद झाले. जुन्या डिस्क असतील तेवढ्याच. परीक्षणे मात्र एका क्षणात सापडतात. खेळ दुर्मीळ होत जातो, त्याच्यावरचा निवाडा सुलभ राहतो.

८/९
कोल्हापूरला हे नवे नाही. १९२५ साली बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने इथेच 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. समीक्षकांनी त्यातील वास्तवाची वाखाणणी केली. आज तो मूळ मूकपट उपलब्ध नाही. उरली आहे ती स्तुती. तो पाहून घरी परतलेल्या कर्जबाजारी कुळाला काय वाटले असेल, हे आपल्याला सांगणारे कोणी नाही.

९/९
एका कलाकृतीबद्दल स्तुती उरली, दुसरीबद्दल नापसंती. दोन्हीकडे लिहिणाऱ्यांची साक्ष टिकली, पाहणाऱ्या-खेळणाऱ्यांची विरली. एम.ए.च्या वर्गात आम्ही साधनांतील मौनाविषयी शिकतो, तेव्हा मला तो कीबोर्ड आठवतो. आमच्या पिढीची साक्ष अजून हयात आहे. म्हणून विनंती : तुम्ही कोणता खेळ, कोणत्या साली, कुणाच्या घरी किंवा कोणत्या कॅफेत, ताशी किती रुपये देऊन खेळलात आणि त्याला काय नाव ठेवले होते, ते खाली लिहा. गुण देऊ नका. ते काम आधीच झाले आहे.