हरवलेल्यांचा नट

थॉमस मिशेल म्हटलं की फारसं कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. ‘गॉन विथ द विंड’मधल्या स्कार्लेट ओहाराचा बाप म्हटलं, की तो लगेच उभा राहतो. न्यू जर्सीत आयरिश घरात जन्मलेला हा माणूस आधी वार्ताहर होता, मग नाटकात रमला. १९३९ या एकाच वर्षात त्याचे पाच चित्रपट आले आणि त्यांतला एकही सुमार नव्हता. ऑस्कर मिळालं ते ‘स्टेजकोच’मधल्या दारुड्या डॉक्टरसाठी.

माझ्या मते ते बक्षीस त्याच वर्षीच्या दुसऱ्याच भूमिकेचं होतं. दारुडा तो डाव्या हातानंही रंगवायचा. ‘गॉन विथ द विंड’मध्ये युद्ध चालू असतानाच जेराल्ड ओहारा कवडीमोल झालेले रोखे जपून ठेवतो आणि नुकत्याच वारलेल्या बायकोविषयी ती घरातच असल्यासारखं बोलतो. रडणं नाही, आकांत नाही. नजर तेवढी कुठेच ठरत नाही. आई गेल्यावर बाबा दारातल्या भाजीवाल्याला ‘हिला विचारून सांगतो’ म्हणाले, तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. तेव्हापासून चित्रपटातला तो प्रसंग आला की मी उठून जातो.

‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’मधला त्याचा वैमानिक मान मोडून पडलेला असतो. मरायची ही पहिलीच वेळ, त्यात काही चुकलं तर कुणी बघायला नको, म्हणून तो जिवलग दोस्तालाही खोलीबाहेर घालवतो. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधला विसराळू अंकल बिली ८००० डॉलर वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि नकळत वैऱ्याच्याच हाती देतो. नंतर टेबलावर डोकं टेकून रडतो, तर एक खार त्याच्या हातावर चढते. खारीमुळे हसू यायला हवं. येत नाही.

पुढे एमी आणि टोनीही मिळाले. तिन्ही मान मिळवणारा तो पहिला पुरुष नट. नायक मात्र तो क्वचितच झाला, आणि ते बरंच झालं.

१९६२ साली ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ या नाटकात तो कोलंबो नावाचा पोलीस अधिकारी करत होता. त्याच वर्षी १७ डिसेंबरला कॅन्सरनं तो गेला. ‘हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मधला त्याचा जोडीदार चार्ल्स लॉटन दोनच दिवस आधी गेला होता. १९६८ साली ते नाटक टीव्हीवर आलं. कोलंबो झाला पीटर फॉक, आणि जगानं त्यालाच कोलंबो मानलं.