न दिसणारी वाट

माझ्या थोरल्या बंधूंना रक्ताची उलटी झाली, तेव्हा ‘टिप्स’ हा शब्द प्रथम आमच्या कानी पडला. यकृत कठीण झाले की आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेत दाब वाढतो. मग अन्ननलिकेतील शिरा फुगतात, प्रसंगी फुटतात. दादांच्या बाबतीत औषधे आणि दुर्बिणीचे उपचार हरले होते.

‘टिप्स’मध्ये पोट उघडावे लागत नाही. मानेतील शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यामार्गे यकृतातील शिरेत नेतात. तेथून यकृताचे मांस भेदून सुई पोर्टल शिरेत शिरवतात आणि धातूच्या जाळीची नळी बसवून रक्ताला नवी वाट देतात. योसेफ रोश यांनी १९६९ साली अमेरिकेत कुत्र्यांवरील प्रयोगांतून ही कल्पना मांडली. १९८८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे रुग्णाच्या यकृतात पहिल्यांदा अशी जाळी बसवली गेली.

खरी कसोटी त्या सुईची. साध्या क्ष-किरणांच्या पडद्यावर पोर्टल शीर दिसत नाही. म्हणून यकृतातील शिरेतून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. तो पोर्टल शिरेत पसरून तिची आकृती पडद्यावर उमटवतो आणि फुप्फुसांवाटे निघून जातो. आता रक्तवाहिनीत शिरणारी सोनोग्राफीही आहे. आधीच्या सीटी स्कॅनची त्रिमिती आकृती पडद्यावर चढवता येते. तरीही श्वासागणिक यकृत खालीवर होते. आधीचे चित्र त्या क्षणीच्या यकृताशी जुळतेच असे नाही. डॉक्टरांच्या हाताला तेवढे अंतर सांभाळावेच लागते.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नव्या वाटेने जाणारे रक्त यकृतात पुरते शुद्ध होत नाही. अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत जातात आणि माणसाचे भान ढळू शकते. दादा गणिताचे शिक्षक. रक्तस्राव थांबेल, पण बुद्धी झाकोळली तर? सारे गप्प राहिलो. शेवटी दादाच म्हणाले, “आधी जगू द्या. हिशेब नंतर पाहू.”

सुई योग्य जागी पोहोचली. पुढची वाट मात्र कोणत्याही पडद्यावर दिसणारी नव्हती. वहिनी रोज सकाळी दादांकडून वहीत सही करवून घेऊ लागल्या. एकदा अक्षरे ओळीखाली घसरली. दादा दिवसाही पेंगत होते. वहिनींनी वही उचलली आणि त्यांना घेऊन तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांनी लॅक्टुलोजची मात्रा वाढवली. चौथ्या दिवशी सही पुन्हा ओळीवर आली.