इकडची डिस्क तिकडे

गावातल्या घरी कॉम्प्युटरचा जुना असेंबल्ड डबा: उभा, जड, पंख्याचा आवाज करणारा. भावाच्या वस्तीवर दुसरा: पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसच्या लॉटमधून आलेला, बारीक, ब्रँडेड. पहिल्यात ५०० जीबीची डिस्क आणि घरातलं सगळं. दुसऱ्याला वेग आहे, पण एसएसडी १२८ जीबीची. पुतण्याचा बेत असा, "काका, दोन्ही मिळून एक झकास करू, आन् उरंल ते आज्जीला भजन लावायला." बेत चांगलाय. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही डबे एका टेबलावर उघडे पडले आणि त्यातून ही टिपणं झाली.

*

रॅमनं पहिल्याच फटक्यात नकार दिला. जुन्यात डीडीआर३, नव्यात डीडीआर४. लांबी सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी. एकीला २४० पिना, दुसरीला २८८. एक १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.२ वर. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून खाच मुद्दाम सरकवलेली असते. तरी दाबून बसवणारे बहाद्दर असतातच.

एक जुना उपाय मात्र अजून चालतो. मशिन नुसतं बीप मारतंय, स्क्रीन काळीच, तर रॅम काढायची, सोनेरी कड शाळेच्या खोडरबरनं पुसायची, कण झाडायचे आणि दोन्ही बाजूंना ‘टक्’ होईपर्यंत परत बसवायची. दुरुस्तीवाल्याकडे गेलेला डबा बऱ्याचदा एवढ्यावरच बरा होऊन येतो. बिल वेगळं असतं.

*

एसएमपीएस. वीज पुरवणारी ही पेटी जुन्या डब्यात मोठी, दांडगी, २४ पिनांच्या कनेक्टरची. ऑफिसच्या बारीक डब्यांत बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचाच कनेक्टर असतो, ६ किंवा ८ पिनांचा, आणि पेटीचा आकारही वेगळा. म्हणजे इकडचा तिकडे नाहीच. ग्राफिक्स कार्डाचीही तीच गत. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्यावर लागले तर एसएमपीएसमधून वेगळी वायर हवी, आणि बारीक डब्यात ती नसते. कार्डाची पट्टीही अर्ध्या उंचीची लागते.

थोडक्यात, रॅम नाही, एसएमपीएस नाही, कार्ड नाही. पुतण्याचा चेहरा पडला. राहिली डिस्क. खरं तर हवी होती ती डिस्कच.

*

डिस्क हलवण्याआधी तिचं वय बघायचं. आमच्या घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात बैल घेताना जबडा उघडून दात बघतात, म्हैस घेताना कितव्या वेताची ते विचारतात. विकणारा काय सांगतो त्यावर कोणी जात नाही. डिस्कचे दात म्हणजे तिची स्मार्ट नोंद. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट प्रोग्राम ती उघडून दाखवतो. डिस्क किती तास चालली हा आकडा त्यात असतो. ऑफिसात रोज ९ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर वर्षाचे २७०० तास. २०,००० तास दिसले की सात वर्षं राबलेली डिस्क समजावी. पण तासांपेक्षा महत्त्वाच्या दोन ओळी आहेत: बाद करून बदललेले सेक्टर आणि बाद होण्याच्या वाटेवर असलेले सेक्टर. दोन्ही शून्य तर ठीक. आकडा दिसला आणि पुढच्या आठवड्यात वाढलेला दिसला, तर त्या दिवशी दुसरं काही करू नका, प्रत काढा.

सेकंडहँड डिस्क ‘एकदम नवीसारखी’ म्हणून विकणाऱ्याला हा आकडा विचारून बघा. बोलणं लगेच दुसऱ्या विषयावर जातं.

*

पेनड्राइव्हनं का नाही केलं? हिशेब साधा आहे. डेटा ३०० जीबी. यूएसबी २ वरून सेकंदाला ३० एमबी गेले तरी पावणेतीन तास, आणि वीज तेवढा वेळ टिकली तर. तीच डिस्क काढून दुसऱ्या डब्यात साटा केबलनं लावली तर डेटा हलवायचीच गरज नाही, आणि प्रत काढायची म्हटली तरी सेकंदाला १०० एमबी सहज, म्हणजे ५० मिनिटं. वस्तीवर अखंड ५० मिनिटं वीज मागणं हे तसं रास्त आहे.

साटा सोपी. २००३ च्या आसपास ती आली, त्याआधीच्या रुंद राखाडी पट्ट्यांच्या काळात डिस्कच्या पाठीमागं जंपर असायचे. एका पट्टीवर दोन डिस्क, एक मास्टर, एक स्लेव्ह, आणि दोन्हींचे जंपर सारखे राहिले की एकही दिसायची नाही. तो बारीक जंपर फरशीवर पडला की चिमटा घेऊन शोधायला अख्खं घर कामाला.

*

जुनी डिस्क नव्या डब्यात लावली म्हणजे जुनं विंडोज त्यात सुरू होईलच असं नाही. विंडोज ७ असेल आणि साटाची सेटिंग आयडीईची एएचसीआय झाली असेल, तर निळी स्क्रीन येते, शेवटी ७बी असलेला आकडा दाखवते आणि मशिन परत पहिल्यापासून सुरू होतं. विंडोज १० समजूतदार आहे, बहुतेक वेळा नवे ड्रायव्हर शोधून उभं राहतं. पण ब्रँडेड मशिनचं लायसन्स डिस्कवर नसतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ती किल्ली मदरबोर्डातच लिहिलेली असते. डिस्क गेली तरी लायसन्स डब्यातच.

म्हणून नियम: एसएसडीवर विंडोज, जुन्या डिस्कवर घर. फोटो, खतांच्या पावत्या, कांद्याच्या पट्ट्या, सातबाऱ्याचे स्कॅन. ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

*

आमच्यापासून जवळच शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना दारं-कुलपं न लावण्याची परंपरा, आणि २०११ मध्ये तिथं बँकेची शाखाही कुलपाशिवाय उघडली, याची बातमी देशभर झाली. डिस्कचं उलटं आहे. विंडोज ११ च्या नव्या मशिनमध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून शिरलं की डिस्क बऱ्याचदा न विचारता कुलूपबंद होते. त्या मशिनमध्ये असेपर्यंत काही कळत नाही. काढून दुसऱ्यात लावली की ४८ अंकी किल्ली मागते. ती खात्यात साठवलेली असते, पण खातं कुठल्या मुलानं कुठल्या ईमेलवर उघडलं ते घरात कोणाला आठवत नाही. डिस्कला हात लावायच्या आधी किल्ली कागदावर उतरवून घ्यायची. कागदावरच. त्याच डिस्कवर नाही.

*

मराठीसुद्धा एकेकाळी सुटा भाग होती, हे पुतण्याला खरं वाटत नव्हतं. डॉसच्या काळात कॉम्प्युटरवर देवनागरी आणायची तर जिस्ट कार्ड लागायचं. आयआयटी कानपूरमधलं काम, पुढं पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं. मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये कार्ड बसवलं की मराठी आली, काढलं की गेली. पुढं विंडोज आलं, मराठी फॉन्टची पॅकेजेस आली, आणि त्यांच्यासोबत पाठीमागच्या प्रिंटर पोर्टला लावायचा डोंगल. लग्नपत्रिका छापणाऱ्यांची अनेक जुनी मशिन त्या पोर्टापायीच जिवंत राहिली. नव्या मशिनला तो पोर्टच नाही.

आमच्या डिस्कवर अशा जुन्या फॉन्टमधल्या फायली निघाल्या. नव्या डब्यात उघडल्या तर रोमन अक्षरांची नुसती खिचडी. फायली शाबूत आहेत, फॉन्ट जुन्या विंडोजच्या फोल्डरात राहिला. डिस्क हलवताना फॉन्टचं फोल्डरही उचलायचं आणि मग सवडीनं सगळं युनिकोडमध्ये आणायचं.

*

अदलाबदलीतला सगळ्यात उपयोगी भाग कॉम्प्युटरचा नव्हताच. घरच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असते. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ एएच. आकार बहुधा तोच, टर्मिनलची पात तेवढी रुंद-अरुंद बघायची. यूपीएसची बॅटरी गेली आणि फवारणीचा हंगाम संपलेला असला, तर पंप रिकामा लोंबत असतोच. उलटंही होतं: थकलेली यूपीएसची बॅटरी पंपाला लावून अर्धा वाफा मारून होतो आणि मग शिव्या.

*

सरकारी पोर्टल उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतंय. सगळे नेटवाल्याला फोन लावतात. आधी खाली कोपऱ्यात तारीख बघा. जुन्या मशिनमध्ये ती काही वर्षं मागं गेलेली असते, आणि तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र बाद ठरतं. दोष मदरबोर्डावरच्या गोल सेलचा. सीआर २०३२: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. घड्याळवाल्याकडे मिळतो.

*

धूळ. कांदा मार्केट आणि हायवे दोन्ही जवळ असले की हीटसिंकमध्ये मातीसोबत टरफलंही निघतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये, तिच्यात पाणी येतं. ब्रश आणि हातातला ब्लोअर पुरे. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं.

*

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला इंटेलचं साधारण आठव्या पिढीपासून पुढचं मशिन लागतं. म्हणून ऑफिसातून धडधाकट सहाव्या-सातव्या पिढीची मशिन लॉटनं बाहेर पडतायत आणि आपल्यासारख्यांच्या घरी येतायत. माझं मत: घ्यावीत. त्यांत रॅमला फट आहे, डिस्कला जागा आहे, स्क्रू साधे आहेत. नवे पातळ लॅपटॉप बघा, रॅम मदरबोर्डालाच डाग देऊन चिकटवलेली. त्यातलं काही इकडचं तिकडे होत नाही. बिघडलं की सगळंच गेलं. लिनक्स टाकलं तर जुना डबा आज्जीच्या भजनाला अजून पाच वर्षं पुरेल.

*

शेवटचं, भंगारवाल्यासाठी. तो डबा किलोवर घेतो, डिस्कसकट. क्विक फॉरमॅट मारलं म्हणजे डिस्क कोरी झाली असं नाही; फायलींची यादी पुसली जाते, फायली तशाच राहतात आणि फुकटच्या प्रोग्रामनं परत निघतात. हार्डडिस्कला पूर्ण फॉरमॅट मारलं तर सगळीकडे शून्य लिहिली जातात. त्याला काही तास लागतात, लागू द्यावेत. आधारची प्रत, पासबुकाचे स्कॅन, घरच्या बायकांचे फोटो त्यावर असतात. डबा द्या, एसएमपीएस द्या, पंखा द्या. चार स्क्रू काढून डिस्क तेवढी घरात ठेवून घ्या.