व्होजच्या घाटांतून द्राक्षमळ्यांकडे

फ्रान्सच्या पूर्वेला व्होज पर्वताची रांग दक्षिणोत्तर पसरली आहे. माथ्यावर घाटवाटा आणि पूर्वेच्या पायथ्याशी आल्सासचे द्राक्षमळे, असा हा सायकलचा मुलूख. सप्टेंबर-ऑक्टोबरात खाली द्राक्षतोडणी चालते, वर बीचची जंगले तांबूस होतात. जुन्या शर्यतींच्या शौकिनांना मात्र द्राक्षांपेक्षा बालाँ दाल्सास हे नाव इथे ओढून आणते.

सँ-मोरीस-स्युर-मोझेल गावातून हा घाट सुमारे 9 किलोमीटर चढतो. चढ सरासरी सात टक्क्यांच्या आसपास. 1905 च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये रेने पोतिए इथे सर्वांत आधी माथ्यावर पोहोचला आणि पुढच्याच टप्प्यात दुखापतीमुळे शर्यतीबाहेर गेला. 1906 ची शर्यत त्याने जिंकली. 1907 च्या जानेवारीत त्याने आत्महत्या केली. घाटमाथ्यावर त्याचे स्मारक आहे.

‘टूरचा पहिला डोंगर’ हा बालाँचा लौकिक मात्र तपासला की डळमळतो. 1903 च्या पहिल्याच टूरमध्ये ल्योंहून मार्सेयला जाताना स्पर्धकांनी सँतेत्येनजवळचा 1161 मीटर उंचीचा कोल द ला रेपुब्लिक ओलांडला होता. बालाँची खिंड त्याहून फार उंच नाही. चढ अधिक खडा, आणि शर्यत भरवणाऱ्या आँरी देग्रांजच्या ‘लोतो’ या वर्तमानपत्राने तो गाजवला, इतकेच बालाँच्या बाजूने सांगता येते. गाजवलेला पहिला डोंगर म्हटले, तर तक्रारीला जागा उरत नाही.

पोतिए चढला तेव्हा पलीकडचा उतार परदेश होता. 1871 ते 1918 आल्सास जर्मनीकडे होते आणि दक्षिण व्होजचा माथा ही सीमा. आज त्याच उताराने सेवेनमार्गे मासव्हो गाठता येते. तिथून हुंड्स्रुक खिंडीचा रस्ता तानला जातो. तो पहिल्या महायुद्धात फ्रेंच लष्कराने बांधला. तानच्या वरचा रांगेन हा द्राक्षमळा ज्वालामुखी खडकावर आहे, आणि इतका खडा की नुसता पाहतानाच पिंढऱ्या दुखाव्यात.

सेर्नेहून सुरू होणारा ‘रूत दे क्रेत’, म्हणजे माथ्यालगतचा रस्ता, हे या प्रवासाचे खरे अप्रूप. तोही त्याच युद्धात रसदीसाठी काढला गेला. पूर्वेकडून जर्मन तोफांच्या नजरेत येऊ नये म्हणून तो बराचसा कण्याच्या पश्चिमेला, आडोशाने ठेवला आहे. दरीचे देखावे शोधणारा प्रवासी काही ठिकाणी हिरमुसतो; त्याचे कारण हे.

सुरुवातीच्याच चढावर 956 मीटर उंचीचे हार्टमन्सविलरकॉफ लागते. 1915 मध्ये हे शिखर पुन्हा पुन्हा हातचे गेले, पुन्हा घेतले गेले. झाडीत खंदक अजून दिसतात. काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे खंदक इतके जवळ की बोलणे ऐकू यावे. दिवसाचा बेत बहुधा इथेच मोडतो. 2017 मध्ये इथे फ्रान्स आणि जर्मनीचे संयुक्त संग्रहालय उघडले.

पुढे 1424 मीटरचे ग्राँ बालाँ, व्होजमधले सर्वांत उंच शिखर. मग मार्कस्टाइन आणि 1139 मीटरची श्लुख्त खिंड. माथ्यावरच्या शेतघरांत जेवण चांगले मिळते, पण हंगाम उतरला की कोणते उघडे, कोणते बंद, याचा नेम नसतो. खाली गावांत तोडणीच्या दिवसांत शनिवार-रविवारी खोली मिळणे कठीण, आणि मिळालीच तर सायकल ठेवायला जागा असेलच असे नाही.

श्लुख्तहून मुन्स्टरच्या दरीत उतरले की तुर्कहाइमपाशी मळे लागतात. पश्चिमेचा पाऊस डोंगर अडवतो: माथ्यावर वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास, कोल्मारला सुमारे 600. याच कोरडेपणामुळे रिस्लिंग आणि गेवुर्त्सत्रामिनर उशिरापर्यंत वेलीवर पिकू देता येतात. 1953 मध्ये आखलेला, मार्लेनहाइम ते तान असा सुमारे 170 किलोमीटरचा द्राक्षमार्ग इथून जातो. रिकव्हीर सुंदर आहे, पण बसगाड्यांच्या गर्दीतून सायकल हातात धरून चालावे लागते. तिथे न थांबणेच बरे. मळ्यांतल्या अरुंद वाटांवर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल आणि ओली पाने सायकल घसरवतात. बर्फ पडू लागले की माथ्यावरच्या रस्त्याचे काही भाग वसंतापर्यंत बंद होतात.