समुद्राकडे जाताना लग्नाचा पुरावा

“ही तुमची बायको कशावरून?” असं माझ्यादेखत माझ्या नवऱ्याला विचारलं गेलं, त्याला आता वर्ष होत आलं. तरी तांदळाची भाकरी थापताना मध्येच ते आठवतं आणि भाकरीचा काठ फाटतो. घरातले म्हणतात, सोड आता. सोडलं असतं, पण ज्यांनी विचारलं त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि ज्यांना विचारलं गेलं त्यांनाही फारसं वाटलं नाही. वाटलं ते मला एकटीला.

आम्ही दापोड्याचे. मानकोली नाका ते अंजूरफाटा या रस्त्यावरचं गाव. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ऑनलाइन मागवलेल्या पार्सलचा प्रवास मोबाइलवर उघडून बघावा. ‘भिवंडी’ असा मुक्काम दिसला तर तो इथेच कुठेतरी. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवायला व्यापाऱ्यांना जागा हवी होती, नाशिक हायवे हाताशी होता, न्हावाशेवा फार लांब नव्हतं, म्हणून भाताच्या खाचरांत गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, तेव्हा गावात कुजबुज होती की आता गोदामं ओस पडणार. झालं उलटंच. कंपन्यांनी राज्याराज्यांतली छोटी गोदामं आवरली आणि मोठी इकडे बांधली. यांची सगळी नोकरी गोदामात सुपरवायझर म्हणून गेली, सासऱ्यांच्या जमिनीवर आमचेही गाळे आहेत, भाडं येतं. तेव्हा गोदामांना नावं ठेवायचा मला अधिकार किती, हा प्रश्नच आहे. तरी ठेवते.

यांची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. कुठे चालणार? रस्त्याला फुटपाथ नाही, कंटेनरची रांग पहाटेपासून. हे गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारायचे. असंच एकदा फेऱ्या मारता मारता म्हणाले, “आपल्या मागच्या नाल्याचं पाणी जिथे समुद्राला मिळतं ना, तिथवर चालत जाऊ.”

नाला खाडीला मिळतो, म्हणजे उल्हासला. ती निघते राजमाचीच्या दरीतून, कर्जत, बदलापूर, कल्याण करत आमच्या बाजूला येते, आणि ठाण्याच्या वरून घोडबंदरला वळसा घालून वसईला समुद्रात जाते. वाटेत जूचंद्र लागतं, ते माझं माहेर. रात्रीच्या मुक्कामाची सोय आपोआप झाली. सासूबाई म्हणाल्या, “रिक्षाला पैसं नाय का?” पण डब्यात सुकी बोंबील चटणी त्यांनीच घातली.

मार्गशीर्षात निघालो. पहाटे अंधारात अंजूरफाटा ओलांडला आणि चिंचोटीच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता मोटारीतून पाहणाऱ्याला खड्डे आणि खडीच्या क्रशरची धूळ एवढंच दिसतं. चालताना कळतं की ही एक लांबच लांब दरी आहे. उजवीकडे तुंगारेश्वरचे डोंगर, डावीकडे खाडी, खाडीपलीकडे येऊरचं जंगल. मध्ये कापून झालेली भातशेती, कुठे वालाचे वेल, गवताच्या वखारी. मुंबईच्या तबेल्यांना गवत पिढ्यान् पिढ्या इथूनच जातं. बाजूने वसई-दिवा रेल्वेची लाइन, तिच्यावर मालगाड्याच जास्त.

याच पट्ट्यातल्या अंजूरचे गंगाजी नाईक. पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागणाऱ्यांत ते पुढे होते. १७३७ साली मोहीम सुरू झाली, आधी ठाणं पडलं आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. ‘साष्टीची बखर’ त्यातलं पुष्कळसं सांगते. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. शाळेत चिमाजी अप्पा होते, पण आमच्या शेजारच्या गावचा माणूस नव्हता. असो.

खारबावपर्यंत तीन जणांनी गाडी थांबवून विचारलं, “कं झाला बाय, गारी बंद परली का?” चालतोय म्हटल्यावर एकाने देवदर्शनाचा नवस समजून पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. मधल्या वयाचं जोडपं उगीच चालतं आहे, हे कुणाच्या हिशेबात बसत नाही. नवसाला, नाहीतर डॉक्टरच्या धाकाने, किंवा मग भांडून!

डंपरची धूळ असह्य झाली तेव्हा आम्ही रस्ता सोडून खाडीकडे उतरलो. गाव सांगत नाही. खाजणाचा जुना बांध होता, खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला. मध्ये मोडकी उघाडी, पलीकडे तिवरं. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. हे त्या बघत बसले, मी बूट काढून पाय मोकळे केले. लहानपणी आजीबरोबर चिंबोऱ्या पकडायला अशाच बांधावर जायचे मी. सकाळपासून पहिल्यांदा हॉर्न ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघे आले. अंगावर गणवेश होता. कुणाचा ते लिहीत नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मोठा चाळिशीचा, धाकटा वीस-बावीसचा. धाकट्यानेच विचारलं, “काका, ही कोण?”

“बायको.”

“कशावरून?”

मला आधी हसूच आलं. माझं वय एक्कावन्न. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं हे खरं. रस्त्यावर सोनसाखळ्या खेचतात म्हणून ते घरी ठेवलं होतं, आणि ठेवायला यांनीच सांगितलं होतं. अंगात पंजाबी ड्रेस, डोक्यावर मुलाची टोपी, पायात तेव्हा काहीच नाही. त्यांनी आधार मागितलं. माझ्या आधारवर तेव्हा माहेरचंच आडनाव होतं. घराघरांत बघा, निम्म्या बायकांचं असं काहीतरी असतंच: रेशनकार्डावर एक, बँकेत दुसरं. धाकट्याने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली आणि चोर सापडल्यासारखा मोठ्याकडे बघून म्हणाला, “आडनाव वेगळंय.”

“मॅरेज सर्टिफिकेट?”

कुठलं सर्टिफिकेट? आमचं लग्न दारातल्या मांडवात लागलं, धवलारणीने धवले गाऊन लावलं. ती बाई वारली. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा आत्ताचा कायदा १९९८ चा, आमचं लग्न त्याच्या आधीचं. बरं, सर्टिफिकेट असतं तरी ते बांधावर कोण घेऊन फिरतं? आणि नवरा-बायको नसतो तर? दोन मोठी माणसं उघड्यावर बसून निवट्या बघतात, यात कुठला गुन्हा झाला? हे मी बोलले. मोठा म्हणाला, “ताई, इथं जोडपी येतात, घाण करतात, आम्हाला वरून ऑर्डर आहे.” जोडपी येणारच. आमच्या साऱ्या गावांत मिळून एक धड बाग नाही. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातल्या पोरापोरींनी बोलायचं कुठे, कंटेनरच्या मागे?

मग त्यांनी मुलाला फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर. मुलगा ऑफिसात. धाकट्याने त्याला विचारलं, “हे तुमचे आई-वडील का?” मुलगा म्हणाला, “हो, पण ते तिथे काय करतायत?” ज्याला मी जन्म दिला त्याने माझ्या लग्नाची साक्ष दिली, आणि वर स्वतःही शंका काढली. एवढ्यावर भागलं नाही. फोटो पाठवा म्हणाले. मुलाने आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा, केक भरवतानाचा फोटो पाठवला. तो त्या दोघांनी दोन बोटांनी मोठा करून पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग परत फोटोकडे.

“ठीक आहे, जा. पण परत इकडे बसू नका.”

यावर आमचे हे काय म्हणाले असतील? “थँक्यू साहेब.” हात जोडून.

त्या दोघांपेक्षा मला या “थँक्यू”चा राग जास्त आला. पुढे कामणपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही. हे आपले समजावत राहिले, की नोकरीत गेटवर आम्हीही असंच विचारायचो, त्या पोरांचा पगार तो काय, उगाच कशाला वाढवायचं. मी म्हटलं, गोदामात माल असतो, त्याला चलन लागतं. मी माल नाही. जूचंद्रला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. अंगणात वहिनीने रांगोळी काढली होती. जूचंद्रची रांगोळी नावाजलेली, रोजचीसुद्धा हात राखून काढत नाहीत. दादूसला सगळं सांगितलं तर तो पोट धरून हसला. “तुला पळवून आणलीय असं वाटलं असंल त्यांना!” यांचीही कळी खुलली. बाईच्या अपमानाचा पुरुषांना विनोद फार लवकर दिसतो.

दुसऱ्या दिवशी नायगावची मिठागरं, उमेळा, वसई गाव, किल्ला. पाचूबंदरला वलांड्यांवर बोंबील वाळत होते. आणि समुद्र? उल्हासचं मुख म्हणजे ओहोटीला नजर जाईल तिथवर राखाडी चिखल. माझी निराशा झाली. हे मात्र चिखलाकडे बोट दाखवून म्हणाले, “यात आपल्या नाल्याचाही गाळ असणार.” ते इतके खूश होते की माझा राग तिथेच थोडा उतरला, का ते मला सांगता येत नाही. परत येताना वसई रोडहून मेमू धरली.

त्यानंतर यांनी लग्नाचा फोटो मोबाइलमध्ये घालून ठेवलाय. मला ते मुळीच पटलेलं नाही. पण काढून टाका, असंही मी म्हटलेलं नाही, आणि माझ्या आधारवरचं आडनाव बदलायचा अर्ज मीच भरला.

कुणाला जायचंच असेल तर होळीच्या आधी जा, नंतर ऊन सोसत नाही. पाणी खारबावला भरून घ्या. खारबाव ते चिंचोटी सांभाळून, डंपर माणसाला मोजत नाहीत. आणि बांधावर कुणी हटकलंच, तर आधी त्याचं ओळखपत्र मागा, त्याचं नाव वाचा आणि मगच आपलं सांगा. आभार मानू नका.