पत्ते टाकायला शिकताना

माझ्या हातात इस्पिकची नव्वी आणि किलवरची अठ्ठी होती. टेबलावर पाच पत्ते उघडे: बदामची सत्ती, बदामची दश्शी, चौकट दुर्री, बदामचा गुलाम आणि इस्पिकचा राजा. सत्तीपासून गुलामापर्यंत सलग पाच झाले, म्हणजे सिक्वेन्स! समोरच्या मुलाने बदामचा एक्का आणि बदामची चव्वी उघडी केली. म्हणजे नुसता कलर. मी मनात म्हटलं, आला देव पावला, आणि दोन्ही हात पुढे करून चिप्स ओढायला लागलो. डीलर मुलीने माझ्या हातावर हात ठेवला नाही एवढंच. अगदी मऊ आवाजात ती म्हणाली, ‘सर, फ्लश जिंकतो.’

टेबलावर कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

ही 2014 ची गोष्ट. मांडवीतल्या एका बोटीवरचं सगळ्यात स्वस्त टेबल. स्वस्त म्हणजे ब्लाइंड 50 आणि 100 रुपये, आणि बसायला किमान 5000. त्या रात्री मी दोनदा 5000 घातले आणि दोन्ही वेळा मोकळा होऊन उठलो. धक्क्यावर उतरलो तेव्हा बेतीला जाणारी फेरीबोट उभी होती. तिच्यात तेव्हा चालत जाणाऱ्याला तिकीट नव्हतं, हे त्या क्षणी फार बरं वाटलं.

माझी चूक कुठून आली हे गोव्यातल्या कोणालाही सांगायला नको. आपण सगळे तीनपत्तीवर वाढलेले. चवथीच्या रात्री आरत्या संपल्या, नेवऱ्यांचं ताट फिरलं की माटोळीखाली चटई पसरायची आणि पहाटेपर्यंत पत्ते. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर. पोकरमध्ये उलटं. मला वाटलं ही इंग्रजांची काहीतरी तऱ्हा असेल. पण ती तऱ्हा नव्हे, साधी मोजणी आहे. 52 पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 प्रकारे येऊ शकतात, त्यांत साधी सिक्वेन्स 720 वेळा आणि साधा कलर 1096 वेळा. पाच पत्ते घेतले की चित्र पालटतं: 25,98,960 प्रकारांत सिक्वेन्स 10,200 वेळा, कलर फक्त 5108 वेळा. जे दुर्मिळ ते वर. (तीनपत्तीत मात्र एक गंमत आहे. ट्रेल 52 प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे, तरी ट्रेल वर. तीन एक्क्यांचा मान आकड्यांपेक्षा मोठा असावा.)

आता खरं कारण सांगतो. मी पैसे मिळवायला बोटीवर गेलो नव्हतो. मला माझ्या धाकट्या काकांचं कोडं सोडवायचं होतं.

काका पत्त्यांतले बहाद्दर. गावात त्यांची ख्याती होती. समोरचा पैसे वाढवायला कचरला की ते म्हणायचे, ‘घाल रे, भियेता कित्याक?’ आणि स्वतः ब्लाइंड खेळायचे, पत्ते न बघता. आम्हां पोरांना ते सिनेमातल्या माणसासारखे वाटत. चवथीपुरतं ते ठीक होतं. पण पुढे जत्रांतला गडगडा आला, मग आठवड्याला दोन बैठका, मग उधारी. शेवटी डोंगराकडचं काजूचं भाट विकलं. आपल्याकडच्या कायद्याने नवऱ्याला बायकोच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. म्हणून काकूलाही फोंड्याला नेलं आणि तिने सही केली. तिला नेसायला नवं लुगडं काढलं होतं, जणू लग्नाला निघाली आहे. त्या दिवसाबद्दल घरात कोणी कधी बोललं नाही. काका मात्र पुढची पंचवीस वर्षं एकच वाक्य म्हणत राहिले, की नशीब फिरलं.

खरंच नशीब फिरलं होतं का, एवढंच मला बघायचं होतं.

बोटीवर रुलेट होतं, त्याच्याकडे मी वळलो नाही. एक शून्य असलेल्या चाकावर 37 घरं असतात आणि पैसे 36 घरं असल्यासारखे मिळतात. म्हणजे शंभरामागे 2.70 रुपये घराचे, तुम्ही कितीही हुशार असा. पोकरचं तसं नाही. तिथे तुम्ही कॅसिनोशी खेळत नाही, शेजारी बसलेल्या माणसांशी खेळता. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच, आणि या सातांतले उत्तम पाच धरायचे. शिकण्यासारखं काही असेल तर ते इथेच.

त्या रात्रीनंतर डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन खेळाडूचं ‘द थिअरी ऑफ पोकर’ हे 1987 चं पुस्तक मागवलं आणि एक चाळीस पानी वही घातली. पुस्तक कोरडं आहे. पण त्याचा गाभा मला बँकेतल्या नोकरीमुळे लगेच कळला. समोरच्याचे पत्ते दिसत असते तर तुम्ही जसं खेळला असता, त्याहून वेगळं खेळलात की तिथे तुमचं नुकसान. मग तो डाव तुम्ही जिंकलेला का असेना! म्हणजे जिंकणं आणि बरोबर खेळणं ही दोन वेगळी खाती. माझी सगळी हयात जमा-नावे करण्यात गेली, पण ही फोड मला कोणी करून दाखवली नव्हती.

आणि मग पहिला धडा, ज्यात माझी दोन वर्षं गेली: पत्ते टाकायचे. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्यांदा बोलायची पाळी तुमची असेल तर शंभरातले दहा-बारा हात खेळायचे, बाकी सोडायचे. बटण तुमच्याकडे असेल, म्हणजे तुम्ही शेवटी बोलणार असाल, तर पंचवीसपर्यंत जायला हरकत नाही, कारण तोवर बाकीच्यांनी काय केलं हे तुम्हांला दिसलेलं असतं. राजा-छक्की, गुलाम-अठ्ठी असले हात बघायला गोजिरे, पण त्यांनी माझे जितके पैसे खाल्ले तितके बिनबाह्या पत्त्यांनी खाल्ले नाहीत. राजाची जोडी लागते आणि समोर कोणाकडे तरी राजा-एक्का निघतो. दोन्ही पत्ते एकाच रंगाचे आहेत म्हणून मी खेळायचो. त्या रंगाने जिंकण्याची शक्यता शंभरात दोन-तीननेच वाढते, हे वाचल्यावर मला स्वतःची कीव आली.

हे लिहायला सोपं आहे. करायला बसा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीसेक हात वाटले जातात. हातात कुठलीतरी जोडी येण्याची शक्यता सतरात एक, दोन एक्के येण्याची 221 त एक. म्हणजे एक्क्यांची जोडी सरासरी नऊ तासांत एकदा! बाकी वेळ काय करायचं? बसायचं, बघायचं. दारू फुकट असते, ती घ्यायची नाही. शेजारचा बंगळुरूचा गृहस्थ दुर्री-छक्कीवर दोन हजार ओढतो, ते बघून ‘वा’ म्हणायचं. दोन तास मी काही खेळलो नाही की मला काकांचा आवाज ऐकू यायचा, भियेता कित्याक?

दुसरा धडा म्हणजे फसवाफसवी करायची नाही. सिनेमात पोकर म्हणजे डोळ्यांत डोळे घालून मारलेली थाप. पण स्वस्त टेबलावरचा माणूस सुट्टीवर आलेला असतो, त्याला बघायचं असतं. तो पत्ते टाकतच नाही, मग थाप मारायची कोणाला? त्याच्याकडून पैसे मिळवायचा मार्ग एकच, आणि तो फार कंटाळवाणा आहे. खरोखर चांगले पत्ते आले की भरपूर लावायचे, त्याला बघू द्यायचं. नाहीतर गप्प राहायचं.

तिसरा हिशोबाचा, आणि इथे मात्र मी खूश होतो. समजा तुमच्याकडे चार बदाम झालेत, पाचव्याची वाट आहे आणि एकच पत्ता यायचा उरलाय. न दिसलेले पत्ते 46, त्यांत बदाम 9. म्हणजे शंभरात साधारण साडेएकोणीस. मध्ये 1500 आहेत आणि समोरच्याने 500 लावले. तुम्हांला 500 घालून 2000 मिळवायचे आहेत, त्याला पाचांत एकदा जिंकावं लागतं, म्हणजे वीस टक्के. जेमतेम काठावर. त्यानेच 1500 लावले असते तर तीनांत एकदा जिंकायला हवं. मग सोडा, कितीही जीव तुटला तरी. बँकेत कर्जाच्या अर्जावर मी हेच करत आलो होतो. फक्त समोर माणूस रडत असे, इथे तो चिप्स वाजवत असतो.

एकदा एक्क्यांची जोडी आली. मी हुशारीने नुसते शंभर घातले, सावज पळू नये म्हणून. पाच जण आत आले, आणि पंजी-चव्वीवाल्याने मला कापलं. घरी येईपर्यंत मी नशिबाला शिव्या देत होतो. दुसऱ्या दिवशी वही उघडली. दोन एक्के एका माणसाविरुद्ध शंभरात पंचाऐंशी वेळा जिंकतात, पण पाच जणांविरुद्ध एकोणपन्नास. पाच जणांना दारात बोलावलं कोणी? मीच. त्या पानावर मी लाल शाईने लिहिलंय, ‘नशीब नव्हे’. आणि ते लिहिताना एकदम काका आठवले. त्यांनी आयुष्यात अशी वही कधी ठेवली नाही. त्यांना फक्त जिंकलेल्या रात्री आठवायच्या.

आता माझ्या वहीचं खरं सांगतो, नाहीतर हे सगळं बढाई वाटेल. एकूण 53 बैठका. पहिल्या 12 त 47,500 गेले. नंतरच्या 41 त 39,200 आले. म्हणजे टेबलावर 8300 चा तोटा, आणि प्रवेश, टीप, पेट्रोल धरलं तर त्याच्या कितीतरी पट. ‘नंतर तर जिंकायला लागलास ना?’ असं मित्र म्हणतात. लागलो, बहुधा. पण 41 बैठका म्हणजे जेमतेम चार हजार हात, आणि एवढ्या हातांत नशिबाचा वाटा इतका मोठा असतो की माझं कसब किती आणि दैव किती हे वही सांगू शकत नाही. त्याला काही दहा हजार हात लागतात.

शिवाय रेक. दर डावातून घर आपला हिस्सा काढून घेतं, आमच्या टेबलावर शंभराला पाच. डाव सरासरी 2000 चा धरला तर 100 रुपये, तासाला पंचवीस डाव म्हणजे 2500. नऊ जणांत वाटले तर प्रत्येकाचे तासाला पावणेतीनशे, कोणी जिंको वा हरो. म्हणजे स्वस्त टेबलावर शेजाऱ्यापेक्षा थोडं बरं खेळून भागत नाही. शेजारी आणि ती भोकातून खाली पडणारी चिप, दोघांना हरवावं लागतं. चांगला खेळलेला माणूसही जेमतेम वर राहतो. मी तर कायदा, 1976 चा, त्यात 1992 ला हॉटेलांतली यंत्रं, 1996 ला बोटींवरची टेबलं, हे सगळं वाचून काढलं आणि वाटलं, बरोबरच आहे. सरकारला आणि मालकाला पत्ते येवोत न येवोत, काय फरक पडतो!

1 फेब्रुवारी 2020 पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी आली. माझी शेवटची बैठक त्याच्या आदल्या आठवड्यातली, 1150 रुपये जमा. ऑनलाइन मी कधी खेळलो नाही. तेही पैसे लावून खेळणं 2025 च्या कायद्याने बंद झालं. मला चुकल्यासारखं वाटलं नाही असं म्हणणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी पणजीच्या पुलावरून जाताना बोटींचे दिवे दिसतात आणि बोटं आपोआप चिप्स मोजायला लागतात. या बंदीबद्दल माझं मत विचाराल तर ती चांगली, पण अर्धी. बंगळुरूच्या गृहस्थालाही घरी काकू असेलच की.

कोडं सुटलं का? सुटलं म्हणायचं. काकांचे पत्ते इतरांपेक्षा वाईट येत नव्हते. ते टाकत नव्हते, एवढंच. पण हे त्यांना सांगणं मला जमलं नाही. एकतर ते आता ऐंशीच्या पुढे, आणि सांगून भाट परत येणार आहे थोडंच.

गेल्या चवथीला मात्र त्यांनीच विषय काढला. म्हणाले, बोटीवरचा तो खेळ मला दाखव. पैसे नकोत, काकूने चिंचोक्यांचा डबा दिला. मी नीट समजावलं, कुठले हात सोडायचे तेही. त्यांनी मान हलवली. अर्ध्या तासाने माझ्याकडे दोन राजे आले, मी वीस चिंचोके लावले. काकांनी पत्ते पाहिले आणि लगेच वीस टाकले. टेबलावर सत्ती, दुर्री आणि गुलाम. मी चाळीस लावले. त्यांनी चाळीस टाकले आणि उरलेले सगळे पुढे ढकलून माझ्याकडे पाहिलं. मी हिशोब केला, आणि घातले.

त्यांच्याकडे सत्ती-दुर्री होती. खेळातला सगळ्यात वाईट हात.

‘कोण जिखलो?’ काकूने आतून विचारलं. काका चिंचोके ओढण्यात गुंतले होते. ती हात पुसत बाहेर आली, त्यांच्यापुढची रास पाहिली, आणि काही न बोलता डबा घेऊन शेजारी बसली. दुसरा डाव त्यांनी मागितला, पण तोवर ती चिंचोके डब्यात भरायला लागली होती.